आई पुढच्या सीटवर

बाबा, मी आईला घेऊन ग्रीस देशातल्या एका बेटावर जाऊन आले, आणि तिथं भाड्याची गाडी मी स्वतः चालवली. भाड्याची म्हटल्यावर तुम्ही पहिलं हेच विचाराल की ड्रायव्हर कुठला होता. ड्रायव्हर नव्हता. तिकडं नुसती गाडी देतात, किल्ली हातावर ठेवतात आणि जा म्हणतात. तुम्हाला हे पटायचं नाही, कारण तुम्ही जीपची किल्ली सख्ख्या भावाच्या हातात कधी दिली नाहीत. जेवताना ती ताटाशेजारी असायची आणि झोपताना उशाखाली. बेटाचं नाव नाक्सोस. समुद्रातून वर आलेला डोंगर, त्याच्या अंगावर दगडी गावं आणि पायथ्याला बंदर. कर्जतहून निघून तिथं पोचेपर्यंत आईनं "अजून किती लांब गं?" असं विचारून माझं डोकं उठवलं, आणि शेवटी बोटीत म्हणाली, "येवड्यात आपन काशी करून घरी आलो असतो." मी खेकसले तिच्यावर. मी अजून खेकसते, बाबा. त्यात काही सुधारणा नाही.

तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात होते. आता स्टेशनाबाहेर माझं सहलींचं छोटंसं ऑफिस आहे. नेरळच्या नव्या इमारतींतली माणसं येतात, खोपोलीकडच्या कारखान्यांतले साहेब येतात, त्यांना मी कुणाला बालीला धाडते, कुणाला दुबईला. लोकांना वाटतं, बाईनं जग पाहिलंय. बाईनं गोव्याच्या पलीकडं पाऊल टाकलेलं नव्हतं. आईला कुठंतरी न्यायचं हे मात्र माझ्या मनात कधीपासून होतं, आणि बसनं न्यायचं नाही हेही ठरलेलं होतं. बसमध्ये सगळ्या सीटा सारख्याच. मला अशी जागा हवी होती जिथं छोटी गाडी असेल, घाट असेल, चालवणारी मी असेन, मागं कुणी नसेल आणि आई पुढं बसलेली असेल. बेट, समुद्र, देवळं हे सगळं नंतरचं. मी आईला एवढ्या लांब नेलं ते गाडीतल्या पुढच्या सीटवर बसवायला. असं कुणाला सांगितलं तर वेड्यातच काढतील, म्हणून मी सगळ्यांना सांगितलं की तिकडचं पाणी फार निळं असतं.

तुम्हाला मात्र समजावून सांगायला नको. कशेळ्याच्या नाक्यावर तुमची जीप लागायची. पुढं तुमच्या डाव्या हाताला तीन माणसं आणि गर्दी असली की उजव्या हातालाही एक, म्हणजे तुम्ही अर्धे सीटवर नि अर्धे हवेत, तिरके बसून कर्जतपर्यंत गाडी हाकायचात. मधे बाकावर माणसं, मागं आडव्या बाकांवर माणसं, टपावर गाठोडी. आणि सगळ्यात मागं, दाराच्या कडेला, भाजीच्या पाट्या गुडघ्यांमधे धरून आई. रोज. उन्हाळा नाही, पावसाळा नाही, सकाळी बाजाराला जाताना तिथं आणि दुपारी रिकाम्या पाट्या घेऊन येताना तिथंच. पुढची सीट पाशिंजरांची. मास्तर, तलाठी, दवाखान्यात निघालेली बाळंतीण, कुणी ना कुणी असायचंच. मी आईच्या मांडीवर बसून तुमचं डोकं शोधायची. मधे इतकी माणसं असायची की मला कधी दिसलं नाही.

तुम्ही तिला शब्द दिला होतात. स्वयंपाकघरात, चुलीपुढं बसून, भाकरीचा पापुद्रा काढत तुम्ही म्हणायचात, "एक दिस गाडी बंद ठेवतो. एक पाशिंजर घ्यायचा नाय. तुला पुढं बसवून माळशेजला नेतो, धबधबे दावतो." आई तव्याकडं बघतच म्हणायची, "हां, न्या न्या. तवर मी म्हातारी व्हते." आणि तुम्ही हसायचात. तुमचं ते हसणं मला ऐकू येतं अजून, बाबा, भर दुपारी ऑफिसात बसलेली असताना येतं, आणि मग समोरच्या माणसाला मी काय सांगत होते तेच विसरते.

एकदा तुम्ही खरंच गाडी बंद ठेवलीत. मी चौथी-पाचवीत असेन. आई जांभळं लुगडं नेसली, वेणीत अबोली माळली, आणि पुढच्या सीटवर बसताना इतकी अवघडली की मला हसू आलं. मी मागच्या बाकावर एकटी, महाराणीसारखी आडवी. फाट्याच्या अलीकडं वाडीवरची एक बाई उभी, कडेवर तापानं फणफणलेलं पोर. तुम्ही ब्रेक दाबलात. आई खाली उतरली, बाईला पुढं बसवलं आणि मागं माझ्याजवळ आली. त्या बाईला मुरबाडच्या दवाखान्यात सोडलं, तोवर वाटेत अजून चार जणांनी हात केला होता, आणि तुम्ही प्रत्येकाला घेतलं होतंत. मुरबाडहून परत फिरताना गाडी पुन्हा गच्च. माळशेज राहिला. मी रडून गोंधळ घातला, म्हटलं, "कशाला थांबवली गाडी? जाऊ द्यायचं होतं ना!" तेव्हा तुम्ही मला जे बोललात ते माझ्या कानात गच्च बसलंय. "रस्त्याला उबा रायलेल्या मानसाला टाकून गेलीस तर पाय मोडून ठेवीन. गाडी हाय आपल्याकडं, त्याच्याकडं नाय." आईनं माझ्या पाठीत एक धपाटा घातला. तो तुमच्या बाजूनं होता की माझ्या, मला तेव्हा कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आईसाठी उशी आणलीत. लाल रेक्झिनची, मागच्या बाकाच्या मापाची, कर्जतच्या सीटवाल्याकडून मुद्दाम शिवून घेतलेली. आई खूश. मी मात्र मनात धरलं. पुढची जागा देता येईना म्हणून मागच्या जागेला गादी लावली, हे माझं त्या वयातलं गणित. खरं सांगू, चाळिशीला टेकले तरी गणित तेच होतं. तुम्ही सगळ्या मुलखासाठी चांगले होतात आणि आईच्या वाट्याला दाराची कडा आली, हा सल मी इतकी वर्षं जपला. तुमची आठवण यायची आणि तिच्या पाठोपाठ हा सल यायचा. नुसती आठवण कधी आलीच नाही.

मग त्या सकाळी नाक्यावर, गाडी भरलेली असताना, तुम्ही स्टिअरिंगवर डोकं टेकलंत. माणसं एकेक करून उतरली. अॅम्ब्युलन्समध्ये आई तुमच्या शेजारी बसली, बाबा. कुणासाठी उठावं न लागता, आयुष्यात तेवढीच एकदा.

तर नाक्सोस. पहिल्या दिवशी बंदरावर पांढरी, चपटी, खेळण्यातली वाटावी अशी गाडी ताब्यात घेतली. तिकडं सगळं उलटं. रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालायचं, स्टिअरिंग डावीकडं, गियर उजव्या हाताला. मी दोनदा चुकीच्या दारानं आत शिरले आणि समोर चाकच नाही म्हणून खुळ्यासारखी बघत राहिले. वळायला दिवा लावायचा तर काच पुसायचे दांडे सुरू. गाडी देणारा पोरगा हसायला लागला तेव्हा मी त्याला मराठीतच झापलं. मग मोठ्या थाटात पुढचं दार उघडलं नि म्हटलं, "चला आईसाहेब, बसा." आईनं त्या सीटकडं एकदा पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि मागचं दार उघडून मागं जाऊन बसली. पिशवी मांडीवर. म्हटलं सवय आहे, जाईल हळूहळू.

बंदराच्या टोकाला एक भलामोठा दगडी दरवाजा उभा आहे. देऊळ बांधायला घेतलं, दरवाजा झाला आणि काम थांबलं ते थांबलंच. दरवाज्यातून पलीकडं नुसता समुद्र. आईनं चपला काढल्या, उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला आणि विचारलं, "देव कुटं गेला?" मी म्हटलं, देव आलाच नव्हता. "मंग दार कशाला उगडं ठेवलंय?" म्हणाली. त्या संध्याकाळीही परत निघताना मी पुढचं दार उघडलं, ती मागं बसली. दुसऱ्या दिवशी मी चलाखी केली. मागच्या सीटवर दोन्ही बॅगा, पाण्याच्या बाटल्या, छत्री, सगळं पसरून ठेवलं. बाईसाहेबांनी बॅग उचलून मांडीवर घेतली, बाटल्या पायाशी ठेवल्या आणि बसल्या. माझं टाळकं सरकलं. म्हटलं, "मी काय तुझी ड्रायव्हर आहे का गं?" तर म्हणते, "ड्रायव्हरचीच पोर हाईस ना?"

मग घाट सुरू झाला आणि मला बोलायला फुरसतच राहिली नाही. बाबा, काय रस्ता आहे! एका बाजूला दगडी बांध घातलेली शेतं, ऑलिव्हची झाडं, आणि दुसऱ्या बाजूला सरळ खाली समुद्र. प्रत्येक आंधळ्या वळणावर मी तुमच्यासारखा लांबलचक हॉर्न द्यायची. तिकडं कुणी हॉर्न वाजवत नाही. समोरून येणारे चमकून बघायचे, एकानं तर काच खाली करून हातवारे केले. मला काही लाज वाटली नाही. उतारावर आई मागून म्हणायची, "गियरमधी ठेव. नुस्त्या ब्रेकवर उतरवू नको, ब्रेक तापत्यात." हिला कुणी शिकवलं हे? विचारलं तर म्हणे, "रोज ऐकायची की, कानाला सवय व्हनार नाय व्हय?" वर एका खाणीत दगडाचा एक प्रचंड माणूस उताणा पडलेला आहे, अर्धवट कोरलेला, घरापेक्षा लांब. लोक त्याच्या पायाशी उभे राहून फोटो काढत होते. आई त्याच्या डोक्याशी गेली. "बिचारा," म्हणाली, "कुनी उटवलाच नाय." आणि पदरानं त्याच्या गालावरची माती झटकली. रखवालदार शिट्टी वाजवत धावत आला.

दुपारी एका डोंगरगावात जेवायला थांबलो. तिथल्या गल्ल्यांना संगमरवराच्या फरशा आहेत, आपल्याकडं देव्हाऱ्याला असतात तशा, आणि त्यांच्यावरून खुशाल गाढवं जातात. तळलेले बटाटे आले, वर किसलेलं चीज. बेटावरचा बटाटा त्यांच्याकडं नावाजलेला. आईनं भाजीवालीच्या नजरेनं एक तुकडा उलटसुलट करून बघितला, खाल्ला, आणि "बटाटा चांगला हाय" असा निकाल दिला. तिचा चेहरा जरा निवळलेला बघून मी विषय काढला. म्हटलं, "आई, मी तुला कशासाठी आणलंय इथं, कळतंय का? बाबांनी तुला कधी धड पुढं बसवलं नाही. निदान मी बसवते तर बसत का नाहीस?"

तिनं ताटली बाजूला सारली. मग म्हणाली, "अगं, ती त्यांची जागा हाय. उजव्या हाताची." मी वेड्यासारखी बघत राहिले. खरंच की. तिकडच्या गाडीत शेजारच्याची सीट उजवीकडं. म्हणजे आपल्याकडं जिथं तुम्ही बसायचात तिथंच. मी पहिल्या दिवसापासून दार उघडून तिला तुमच्या जागेवर बस म्हणत होते, आणि माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मी म्हटलं, "बरं, ते राहू दे. पण जीपमध्ये? तिथं तर डावीकडची होती ना? तिथं तुला कधी वाटलं नाही, पुढं बसावं?"

"पुढं बसून काय बघायचं? गटारं?" आई म्हणाली. "मागनं मला ते दिसायचे."

"मागून कसे दिसतील? मला कधी डोकंसुद्धा दिसलं नाही."

"तू लहान. आरशात दिसायचे की. त्यांनी आरसा माझ्याकडं करून ठेवलेला. समदे ड्रायव्हर हसायचे, म्हनायचे, तुजा आरसा रस्ता दावतो का बायको दावतो रं? मागची गाडी कवा दिसलीच नाय त्यांना. नाक्यापासनं कर्जतपातुर असे डोळे." आणि तिनं भुवया वर करून, डोळे बारीक करून तुमची नजर करून दाखवली. हुबेहूब, बाबा. तुम्ही गेल्यापासून ती तुमच्याबद्दल एवढं कधी बोलली नव्हती, आणि मीही विचारलं नव्हतं. इतकी वर्षं मी तिच्यासाठी तुमच्याशी भांडत होते, आणि तुमचं दोघांचं तर रोज सकाळी सगळ्या पाशिंजरांच्या डोक्यांवरून चाललेलंच होतं. ती हात पुसत म्हणाली, "माळशेजला काय, धबधबाच हाय. पानीच पडतंय ना?" मी तिथं रडले, चक्क मोठ्यानं. हॉटेलवाली धावत पाणी घेऊन आली, तिला वाटलं जेवणात काही निघालं. आईनं तिला खुणेनं सांगितलं की पोरगी अशीच आहे.

शेवटच्या दिवशी उत्तरेकडच्या किनाऱ्यावरून परतत होतो. वळणावर काळ्या कपड्यांतली एक म्हातारी उभी, हातात रानभाजीनं भरलेली पिशवी. माझा पाय ब्रेकवर पडायच्या आत आई मागून ओरडली, "थांब गं, बाई उबी हाय!" थांबले. म्हातारीनं वाकून आत पाहिलं, काहीतरी गोड बोलली, पुढचं दार उघडलं आणि बिनदिक्कत पुढच्या सीटवर बसली. पिशवी मांडीवर, पट्टा लावला, हातानं चल म्हणाली. बाबा, मला हसावं की कपाळ बडवावं कळेना. सातासमुद्रापलीकडं येऊनसुद्धा पुढची सीट पाशिंजरालाच! आरशात आईकडं पाहिलं तर ती तोंडाला पदर लावून गदागदा हसत होती. वाटभर त्या दोघींचं चाललेलं. ही मराठीत, ती तिच्या भाषेत. आईनं पिशवीतली पानं मागितली, चुरगाळून वास घेतला, आणि शिजवताना पहिलं पाणी ओतून द्यायचं असतं असं तिला हातवाऱ्यांनी शिकवलं. म्हातारीनं मान डोलावली. तिच्या गावाच्या चढावर ती उतरली, आईच्या दोन्ही गालांना हात लावले आणि पुढचं दार तसंच उघडं टाकून निघून गेली.

मी दार ओढायला हात लांब केला. तेवढ्यात मागचं दार उघडल्याचा आवाज झाला. आई उतरली होती. पिशवी मागंच ठेवून ती पुढं येऊन उभी राहिली, सीटवर हात फिरवला, धूळ नव्हती तरी झटकली, आणि बसली. म्हणाली, "मागं बसून आता कोन दिसनार हाय? आरशात तूच. तुजं तोंड रोज बघते मी." मग जरा वेळानं, समोरच्या काचेतून बघत, "हितनं लई मोट्टं दिसतं गं," एवढंच. मी पट्टा लावून दिला. तिचे हात मांडीवर रिकामे होते. एवढ्या वर्षांत मी तिला गाडीत रिकाम्या हातांची पहिल्यांदा पाहिली. उजव्या हाताला ऊन उतरत होतं, खाली समुद्र होता, आणि ती तुमच्या जागेवर बसून सगळं बघत होती. बाबा, मला तुम्ही इतके हवे होतात त्या वेळी की स्टिअरिंग घट्ट धरून ठेवावं लागलं. मागं बसला असता तरी चाललं असतं. दाराच्या कडेला बसला असता तरी.

पुढच्या वळणावर एक माणूस उभा होता. चाळीस-पंचेचाळिशीचा, पाठीवर पिशवी, दमलेला. त्यानं हात केला. मी आईकडं पाहिलं. तिला तो दिसला होता. मागची सीट अख्खी रिकामी होती, पण आई उठून मागं गेली असती, मला माहीत आहे, परक्या पुरुषाला पुढं बसव म्हणाली असती आणि स्वतः उतरली असती. तिनं नुसते मांडीवरचे हात एकमेकांत धरले आणि समोर बघत हळू आवाजात म्हणाली, "चल गं. ऱ्हाऊ दे."

मी थांबले नाही. गियर बदलला आणि त्याच्या बाजूनं निघून गेले. पाय मोडायला तुम्ही नव्हतात.

ऑफिसात आज गिऱ्हाईक नाही म्हणून हे लिहायला बसले. घरी नेणार नाही. आई दिसेल तो कागद वाचून दाखव म्हणते, आणि हे तिला वाचून दाखवायची माझी छाती नाही. कारण शेवटचं एक राहिलंय. त्या बेटावर पाऊल ठेवल्यापासून प्रत्येक वळणावर मला वाटत होतं, बाबा असायला हवे होते. दरवाज्यापाशी वाटलं, घाटात वाटलं, बटाटे खाताना वाटलं. फक्त त्या माणसाला मागं टाकून पुढं गेले, आई अजून पुढच्याच सीटवर होती, तेव्हा मनात आलं, बरं झालं, बाबा नाहीत.